सहाव्या भागाचं परीक्षण

सरदाराच्या मांडीवरचा तो पांढरा पंखा – अर्धवट उघडलेला, कडेला एक बारीकसा डाग. शाईचा की रक्ताचा, हे बघायला त्यानं चित्र थांबवलं होतं, आणि आता पुढे चालू करायला हात होत नव्हता. पुढचं त्याला माहीत होतं, मालिकेचा सहावा भाग तो परीक्षणासाठी दुसऱ्यांदा पाहत होता. जुन्या जपानातला सामुराई; सरदाराच्या हुकमावरून त्यानं अख्खं गाव पेटवलं, चौकशी आली तेव्हा सरदारानं कानांवर हात ठेवले, आणि आता सगळा दोष स्वतःवर घेऊन हा मरायला बसणार, तोंडातून अवाक्षर न काढता.

परीक्षण जवळजवळ लिहून झालं होतं. 'एका निरपराध सेवकाच्या निष्ठेची ही शोकांतिका...' लिहिताना कुठे अडलं नव्हतं. कसं अडेल? हे वाक्य तो बारा वर्षांचा असल्यापासून घोकत आला होता. कारखान्यात बॉयलर फुटला, दोन माणसं गेली, मालकानं अंग काढून घेतलं, आणि बाबा तीन वर्षं तुरुंगात बसले पण मालकाचं नाव घेतलं नाही... मान खाली घालू नकोस, आई म्हणायची – शेवटपर्यंत म्हणायची – तुझ्या बाबांनी काही केलेलं नाही.

"चालू कर की," बाबा म्हणाले. जेवण झाल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्याला वाटलं होतं, डुलकी लागली असेल.

त्यानं चालू केलं. सामुराई खाली वाकला.

"बिचारा," तो म्हणाला. "त्याचा काय दोष?"

"गाव कोणी पेटवलं?"

"हुकूम होता, बाबा."

"होता ना. पण काडी कोणी ओढली?" बाबा पडद्याकडेच बघत होते. मग, शेजारच्यांची खबरबात सांगावी तशा आवाजात, "आठ दिवस वाल्व्हमधून वाफ फुसफुसत होती. मालक म्हणाला, महिनाअखेरपर्यंत रेटा. मी तपासणीच्या वहीत लिहिलं, सर्व ठीक. सही केली. त्या दोघांना त्या पाळीला मीच लावलं. एकानं विचारलंसुद्धा, साहेब, आवाज कसला येतोय? म्हटलं, काही नाही रे..."

"आईला माहीत होतं?"

"तिनं कधी विचारलं नाही." बाबांनी मान वळवली. "तूही नाहीस."

फोन वाजला. पुरवणीच्या संपादकबाई. "अहो, पान लागतंय. किती तारे द्यायचे?"

"पाच मिनिटं द्या," तो म्हणाला.

त्यानं 'निरपराध' खोडलं. मग 'निष्ठा' बघवेना, तेही खोडलं. उरलेल्या वाक्याला काही अर्थच राहिला नव्हता. बाबा आता त्याच्याकडे बघत होते, गुडघ्यांवर हात ठेवून, निकाल ऐकायला बसल्यासारखे. आणि दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा निकाल लावणारा तो, एक शब्द शोधत होता. राग यायला हवा होता. निदान छातीत धस्स तरी व्हायला हवं होतं... तो वाट बघत राहिला, आत चाचपडत राहिला, आणि हळूहळू त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला धक्का बसलेलाच नाही.