फाटकाचा फोटो

मोरेनिकेच्या मनात पाल चुकचुकली ती गाडीतच. धाकटा भाऊ दिपो याच्या फोनवरच्या नकाशात ‘गोल्डन पाम वसाहत’ ठळक दिसत होती, फाटकाच्या फोटोसकट. तिच्या फोनवरचा नकाशा वेगळा. नेट नसलं तरी चालतो, म्हणून दुकानादुकानांत पाव पोचवताना ती तोच वापरायची, आणि लागोसच्या गल्ल्यांत त्याने तिला कधी दगा दिला नव्हता. त्यात मात्र वसाहतीच्या जागी दलदलीची खूण होती.

“तुझा नकाशा हौशी पोरांनी काढलेला, ताई,” दिपो म्हणाला. “जुना असणार. जागा मीही आजच बघणार आहे, पण हे बघ, लोकांनी पाच तारे दिलेत.”

“एकही घर उठलेलं नाही. तारे दिले कोणी, बेडकांनी?”

दिपो हसला, पण जरा उशिराच.

नवऱ्याच्या पश्चात हाती आलेले सगळे पैसे ती या वसाहतीतल्या प्लॉटमध्ये घालणार होती. बेकरीला स्वतःची जागा हवी, एवढाच तिचा ध्यास होता.

फाटक खरोखरच होतं. आत भरावाची पांढरी वाळू, वाळूच्या पलीकडे उंच गवत. भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेलं: ‘ही जागा विकायची नाही’.

“मग मला काय विकताय?” तिने फाटकाशी वाट पाहत असलेल्या दलाल अलाबीला विचारलं.

“ते चोरांसाठी आहे, मम्मी,” अलाबी म्हणाला; मोठ्या बाईला लागोसमध्ये अशीच हाक मारतात. “ आपल्या माघारी कुणी परस्पर विकू नये म्हणून.”

हे पटण्यासारखं होतं. लागोसमध्ये अर्ध्या भिंतींवर तेच लिहिलेलं असतं. तरी तिने दिपोचा फोन मागून घेतला आणि दोन्ही नकाशे शेजारी शेजारी धरले. फाटकाचा फोटो मोठा केला. खाली, तो टाकणाऱ्याचं नाव होतं. मागच्या महिन्यात टाकलेला. नाव दिपोचं, जागा आजच बघणार म्हणणाऱ्याचं.

आई गेल्यावर याला तिनेच वाढवलं होतं. अलाबीवर ओरडावं असं क्षणभर वाटलं, पण अलाबी तिचा कोण लागत होता?

तिने फोन परत दिला.

“दिपो, गवतापलीकडचा तो हद्दीचा खुंट माझ्या प्लॉटचाच ना? चालत जा तिथवर. मी मागोमाग येते.”

दिपोने गवताकडे पाहिलं, मग अलाबीकडे. “बूट नवीन आहेत गं.”

“काढ की मग.”

तो वाळूच्या कडेपर्यंत गेला आणि थांबला.

“जा ना, बाळा,” मोरेनिके म्हणाली.

दिपोने दलदलीवरच्या त्या गवतात पाऊल टाकलं नाही.