माझ्या खणात राहिलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. अकरा वर्षे मी सान पेद्रो शहरातल्या एकाच घरात काढली. माझे एक बटण कधीच निखळले, त्या जागी मक्याचा दाणा चिकटवलेला आहे. माझा पंखा सुरू झाला की अंगणातल्या कोंबड्या दचकतात. पण मला हसू नका. एका रविवारी दुपारी एका माणसाचा आवाज साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी होता, आणि नेमका त्याच वेळी मी बंद पडलो.

मला या घरात एलिहियोने आणले. तो पिकअप गाडीतून गल्लोगल्ली भाजी विकतो. लेक युदेल्का दहा वर्षांची झाली त्या दिवशी पुढच्या सीटवर, भोपळ्यांच्या शेजारी बसून मी आलो. तेव्हा माझे काय कौतुक! ती मला रोज मऊ फडक्याने पुसायची. माझ्यावरच ती कॉम्प्युटरचे खेळ बनवायला शिकली. पुढे कौतुक आटले. माझ्या झाकणावर कॉफीचे पेले विसावू लागले, पोटात धूळ साठत गेली आणि मला आतून कोणी कधी साफ केले नाही. वाईट वाटायचे, पण काम चालू होते.

दोन वर्षांपूर्वी एलिहियोच्या घशाची शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, आवाज गेला. ज्याच्या हाळीने तीन गल्ल्या जाग्या व्हायच्या, तो आता कुजबुजतो. गाडीवरच्या कर्ण्यातून दुसऱ्याच कोणा माणसाची हाळी वाजते. तो माणूस असा ओरडतो की त्याने आयुष्यात केळे सोलले नसावे. एलिहियो ती ऐकत, मान खाली घालून गाडी चालवतो.

मग खेळ बनवण्याची एक स्पर्धा आली. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता विषय कळणार, त्यावर खेळ बनवायचा आणि रविवारी पाचच्या आत राजधानीत पाठवायचा. पाच वाजून एक मिनिट झाले की दार बंद. विषय आला, 'जे दिसत नाही ते'.

"म्हणजे वीज गेल्यावरची आपली गल्ली!" युदेल्का म्हणाली. "पडदा पूर्ण काळा. नुसत्या आवाजावरून चालायचं आणि पप्पांची गाडी शोधायची."

चित्रे काढायला आलेली तिची आतेबहीण यारित्सा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पूर्ण काळा? मग मी काय इथे भाजी निवडायला आलेय?"

"तू कुत्रा हो. भुंक."

यारित्सा भुंकली, आणि फार छान भुंकली. डोमिनोच्या सोंगट्यांची टकटक झाली, मोटारसायकली झाल्या. राहिली ती हाळी. कर्ण्यातली परकी हाळी लावून पाहिली तर खेळात काही जीव येईना. शनिवारी सकाळी युदेल्का माझ्या पोटातले जुने खण, म्हणजे फोल्डर, उपसत होती. तळाशी तिला एक ध्वनिफीत सापडली. तिने लहानपणी अंगणात खेळता खेळता पप्पांची हाळी टिपून ती केली होती आणि साफ विसरली होती. मी विसरलो नव्हतो.

"केळी घ्या, केळी! अवोकाडो लोण्यासारखा! अहो वहिनी, बाहेर या, दादा उपाशी बसलेत आणि माझी गाडी चालली सासरी!"

स्वयंपाकघरात एलिहियो युकाचे कंद सोलत होता. सुरी थांबली. तो दारात आला आणि बोटाने खूण केली, परत. तिने परत लावली. पाच वेळा ऐकून झाल्यावर तो कुजबुजला, "पाठव हे. ऐकू दे लोकांना."

मित्रांनो, त्या क्षणापासून ती स्पर्धा राहिली नाही. दोन वर्षांनी त्या माणसाचा आवाज घराबाहेर पडणार होता.

आता चूक सांगतो. खेळ पाठवताना त्याचे एक गाठोडे बांधतात. खेळाला लागणारे सगळे त्यात असावे लागते. घाईत युदेल्काने ती हाळी गाठोड्यात घातलीच नाही. ती माझ्याच खणात राहिली आणि खेळाला फक्त पत्ता दिला गेला, की हाळी लागली तर इथून घे. खण माझा, म्हणून माझ्यावर खेळ झकास चालायचा. पण राजधानीतल्या परीक्षकांकडे मी नव्हतो. त्यांना कुत्रा ऐकू आला असता, मोटारसायकली ऐकू आल्या असत्या. एलिहियो तेवढा आला नसता.

मला सगळे माहीत होते. पण मला तोंड कुठे आहे? मी फक्त पंखा फिरवत राहिलो.

रविवारी दुपारी एक वाजता खरोखरच वीज गेली. कोपऱ्यावर दोन्या मिरेयाचे, म्हणजे मिरेयाबाईंचे, वाणसामानाचे दुकान आहे. तिथे इन्व्हर्टर आहे, पण तिथवर जायला युदेल्का तयार नव्हती. "बॅटरी पुरेल," ती म्हणाली.

"दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघितलास का?" यारित्साने विचारले.

"वेळ कुठाय? चालतोय ना!"

साडेतीन झाले. पत्रा तापला होता, मी त्याहून तापलो होतो. युदेल्काने गाठोडे बांधून छोट्या पेनड्राइव्हवर घेतले. हाळीशिवाय! मला ओरडावेसे वाटत होते. आणि तेवढ्यात मी बंद पडलो. मी मुद्दाम बंद पडलो असे सांगायला मला आवडेल. पण खरे सांगतो, धुळीने माझा श्वास कोंडला होता, बस.

पुढचे यारित्साने नंतर इतक्या वेळा रंगवून सांगितले आहे की मला पाठ झाले आहे.

एलिहियो आणि दोघी मुली मला काखोटीला मारून दुकानात धावले. दोन्या मिरेयाने हिशेबाचा कॉम्प्युटर मोकळा करून दिला. "चालू दे गं पोरींनो, पण माझी उधारीची यादी पुसलीत तर याद राखा!"

पाठवण्याआधी एलिहियोने हट्ट धरला, एकदा ऐकायचेच. खेळ लागला. काळा पडदा. कुत्रा भुंकला. सोंगट्या वाजल्या. मोटारसायकल गेली. पुन्हा कुत्रा. युदेल्का चालत राहिली, गल्ली संपली, आणि काहीच नाही.

एलिहियोने कान पुढे केला. मग लेकीकडे पाहून कुजबुजला, "मी कुठाय?"

 युदेल्काला सगळे कळले. "पप्पा, तुम्ही त्याच्यात राहिलात," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली आणि रडू लागली. चार वाजून दहा मिनिटे झाली होती. बटण दाबले तर मी गप्प.

"बर्फाच्या पेटीत घालू या!" यारित्सा म्हणाली.

एलिहियोने तिच्या हातावर चापट मारली. गाडीतून त्याने स्क्रूड्रायव्हर आणला, रंगाचा कोरडा कुंचला आणला आणि माझी पाठ उघडली. आत बघून तो हसला. "रेडिएटर तुंबलाय." गाडीची धूळ काढावी तशी त्याने माझी अकरा वर्षांची धूळ हलक्या हाताने काढली. दोन्या मिरेया पुठ्ठ्याने वारा घालत होती. "अरे एलिहियो, लवकर! पावणेपाच वाजतील!"

"गरम इंजिनाला घाई करायची नसते," तो कुजबुजला. 

चार अडतीसला मला जाग आली. पहिल्यांदा दिसली ती त्याची घामेजलेली हनुवटी. मी जपून, हळूहळू उघडलो. युदेल्काने हाळी काढली, गाठोड्यात घातली, पत्ता बदलला. दुकानातल्या कॉम्प्युटरवर खेळ पुन्हा लागला. काळा पडदा. कुत्रा. आणि मग लांबून, डाव्या बाजूने, "केळी घ्या, केळी!"

"अगं बाई," दोन्या मिरेया छातीवर हात ठेवून म्हणाली, "आला की हा!"

गाठोडे वर चढायला लागले. चार पंचावन्न. पट्टी अर्ध्यावर अडली.  चार अठ्ठावन्नला 'मिळाला' अशी अक्षरे उमटली, आणि यारित्सा पुन्हा एकदा भुंकली.

बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकाने लिहून कळवले, "गाडी सापडली तेव्हा मी खुर्चीतून उठून दाराकडे गेलो." युदेल्काने ते माझ्या झाकणाच्या आत चिकटवले आहे.

मित्रांनो, यंत्राची धूळ वेळच्या वेळी काढा. आणि जे गेले तर परत मिळणार नाही, ते माझ्यासारख्या एकाच म्हाताऱ्याच्या भरवशावर ठेवू नका. मला मान आवडतो, पण त्या रविवारी मला त्याची फार भीती वाटली.

सोमवारी सकाळी एलिहियोने कर्ण्यातली परकी हाळी काढून टाकली. गाडी वळणावर गेली आणि खिडकीतून मला ऐकू आले, "अहो वहिनी, बाहेर या!" पटापट दारे उघडली. कोणीतरी ओरडून विचारले, "एलिहियो, घसा बरा झाला का रे?" त्याने फक्त कर्ण्याचा आवाज आणखी मोठा केला.