पेंड दळणारा मिक्सर

मी एक जुना मिक्सर आहे, मित्रांनो. नाकं मुरडू नका. उमेदीची वर्षं स्वयंपाकघरात मसाले वाटण्यात गेली, पण गेली नऊ वर्षं मी प्रयोगशाळेत आहे!

इथल्या तपासनीस बाईंनी मला घरून आणलं. दळायचं महागडं यंत्र घेतलं असतं, तर तपासणीची फी ऐकूनच लोक उंबऱ्यावरून परतले असते. म्हणून मका, भुसा, पेंड, येईल ते मी दळतो. बाई त्या पिठात औषध घालून हलवतात, गाळतात आणि कागदाची पट्टी बुडवतात. लाल रेघ ठळक उमटली तर माल चांगला. रेघ पुसट, तर बुरशीचं विष. जनावराच्या पोटातून ते थेट दुधात उतरतं.

एकदा एक म्हैसवाली मावशी आली. दुधात विष निघालं म्हणून डेअरीने तिचं दूध बंद केलं होतं. जुनी पेंड फेकून तिने नवं पोतं आणलं होतं, त्यातलीच पिशवीभर पेंड तिने टेबलावर ठेवली.

"बाई, हीपण खराब निघाली तर म्हैस विकते. उद्या व्यापारी येतोय."

मी दळली. रेघ उमटलीच नाही.

मावशीने टेबलावर हात आपटला. "त्या दुकानदाराच्या टाळक्यात घालते पोतं!"

"थांबा हो. पेंड दिसायला स्वच्छ, वास ताजा. मग रेघ गेली कुठे?"

"तुमची पट्टीच आंधळी असेल."

"तेही बघू." बाईंनी दुसरी पट्टी बुडवली. तेच! मग खात्रीचे, तपासून ठेवलेले तांदूळ माझ्यात दळले. त्यांचीही रेघ पुसट! बाईंचे डोळे चमकले. "काका, पेंडीआधी काय दळलंत?"

मदतनीस काका टक्कल खाजवत म्हणाले, "काळा पडलेला मका."

"आणि भांडं?"

"रांग होती. फडक्याने पुसलं की."

"पुसलं? उष्टं ताट पुसून पाहुण्याला वाढता का?"

मला सगळं ठाऊक होतं हो. पात्याखाली मक्याचं पीठ चिकटून बसलं होतं. पण मला घर्रर्र सोडून दुसरी भाषा येते कुठे?

काकांनी पातं खोललं, ब्रशने घासलं, भांडं कोरडं केलं. मूठभर तांदूळ दळून फेकून दिले. मग पुन्हा मावशीची पेंड. पट्टीवर तीन डोकी वाकली. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू एक लाल रेघ वर आली, चांगली जाडजूड.

मावशीने तिथूनच फोन लावला. "येऊ नकोस रे बाबा. म्हैस माझ्याच दारात राहणार."

मित्रांनो, मला मखरात बसवा असं मी म्हणत नाही. एक नमुना झाला की पातं खोला आणि घासा, एवढंच मागणं. बाहेर कितीही रांग असो. माझ्या पोटात आधीच्या नमुन्याची घाण राहिली, तर कुणाची तरी दुभती म्हैस हकनाक बाजारात उभी राहील. दळायला मी अजून खमका आहे. धुवायचं मात्र तुमच्या हातांनीच होणार.