पुंजारामचा रहाटपाळणा

शाळेतल्या मास्तरीणबाईनं पस्तिशीत पाळण्यात बसावं का? बसू नये. पण मला कुणी ‘नको’ म्हटलं की माझं डोकंच फिरतं. टांगेवाला म्हणाला, “बाई, तिकडं आता काय न्हाई. लई मोडकळीला आलंय.” झालं! मी तिथंच ठरवलं, बसायचंच.

केडगावच्या पुढं पुंजाराम सुताराची मौजबाग होती. लाकडी घोड्यांचं चक्र, झोपाळे आणि चार पाळण्यांचा उंच रहाटपाळणा. लढाई लागली, शेजारच्या माळावर लष्कराचा तोफांचा सराव सुरू झाला, लोक येईनासे झाले आणि पुढं पुंजारामही वारला. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ शामू दर सुट्टीत तिथं पडीक असायचो. म्हणून त्या रविवारी, सरावाला सुट्टी असेल असं धरून, त्याला मी ओढतच नेलं. इटलीच्या लढाईवरून परत येऊन त्याला चार महिने झाले होते. घरात ताट पडलं तरी तो कान झाकून कोपऱ्यात बसायचा. बोलणं म्हणजे नुसतं हो आणि नाही. मला माझा भाऊ परत हवा होता, बस्स.

घोड्यांची मुंडकी कुणीतरी जळणाला नेली होती. “हा बघ तुझा घोडा,” मी म्हटलं, “आता तरी चावायचा नाही.” शामू गालातल्या गालात हसला. तेवढ्यावर मी हुरळले. “चल, पाळण्यात!”

त्या पाळण्याची एक रीत होती. समोरासमोर सारख्या वजनाची माणसं बसवायची, नाहीतर जड बाजू धाडकन खाली येते. मी खालच्या पाळण्यात बसले. शामूनं आरे ढकलत मला पार वर टोकाला नेलं आणि समोरचा पाळणा खाली आला, त्यात तो बसला. मला कसला घोर? लहानपणी तो असा गुबगुबीत, की त्याच्या समोरच्या पाळण्यात पुंजाराम दोन पोरं बसवायचा.

तोच रहाट माझ्या बाजूला कलला. माझा भाऊ माझ्याहून हलका झाला होता! रोज ताट वाढणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

शामूनं टुणकन खाली उडी मारून आपल्या पाळण्याची कड दोन्ही हातांनी धरली आणि रहाट थोपवला. “अक्का, काय खातेस काय गं?” तो ओरडला. चार महिन्यांतलं त्याचं पहिलं अख्खं वाक्य! मी खो खो हसले, आणि हसता हसता माझी नजर वर गेली. माझा पाळणा दोन कड्यांवर टांगलेला होता. त्यातली एक गंजून उघडत चालली होती.

“शामू, इथली कडी उघडतीय. हिसका बसला तर निसटेल. सावकाश आण.”

“आणतो. तू हलू नकोस.”

आणि माळावर तोफ उडाली.

त्याची मान खांद्यांत गेली. दुसरी उडाली तसा त्याचा उजवा हात सुटून कानाकडं गेला. मी हातभर खाली घसरले, कडी करकरली.

“मेल्या, सोडशील तर खबरदार!” मी किंचाळले. मग माझा सगळा ताठा गळाला. मी घाबरले होते. “शामू, मी पडेन रे. धर मला.”

उजवा हात परत कडेवर आला. तोफा थांबेनात. प्रत्येक आवाजाला तो अंगभर दचकायचा, डोकं खांद्यात खुपसायचा, रडायचा, पण बोटं सुटली नाहीत. मी वरून नुसती “शामू, शामू” म्हणत राहिले.

तोफा गप्प झाल्यावर त्यानं मला वीत वीत करत खाली आणलं. मी उतरले आणि त्याचे तळवे बघितले. लाकडाची कुसळं आत घुसून रक्त येत होतं. मी पदर फाडायला घेतला.

“राहू दे,” तो म्हणाला. “अक्का, भीमा म्हणून एकजण होता आमच्या पलटणीत. नदी ओलांडताना वाहायला लागला. त्याचा हात माझ्या हातात होता.”

“सुटला?”

“नाही गं. वर गोळे फुटायला लागले. मी कान झाकले.”

मी त्याचे दोन्ही हात धरले आणि तिथंच धुळीत बसले.