मोटारीतला म्हसोबा

आंबवड्याच्या पारापाशी भोरची मोटार उभी होती आणि गाव तिच्यापुढे हात जोडून उभं होतं. ड्रायव्हर मानसिंग स्टार्टर दाबून, हँडल मारून घामाघूम झाला, तरी मोटार ढिम्म. शेजारी म्हसोबाचे पुजारी भस्मेबुवा घुमत होते.

"म्हसोबा कोपलाय! बोकड मागतोय!"

बोकड समोरच होता. धनगराची भागूबाई तो घेऊन मुद्दाम मोटारीत बसली होती आणि तिच्या शेजारी मी, भोरचा डॉक्टर. मागच्या वर्षी तिची लेक सगुणा बाळंतपणात अडली. तिला माझ्याकडे आणताना हीच मोटार इथंच रुसली. डोंगरावरून बोकड येईपर्यंत बुवांनी मंत्र म्हटला नाही. माझ्या दारात सगुणाचं प्रेत आलं. त्या दिवसापासून आम्हा दोघांना या माणसाचा सूड घ्यायचा होता.

"मानसिंग, दिवे लाव," मी म्हणालो.

दिवेही लागले नाहीत.

"बुवा, दिव्यांनाही बोकड लागतो का?"

"देवाची मस्करी नको, डॉक्टर! जीभ झडंल!"

वीज बॅटरीतून बाहेरच येत नव्हती, एवढं मला कळलं. बॅटरी ड्रायव्हरच्या पायाखालच्या फळीखाली होती. बुवांनी दसऱ्याला तिच्यावर शेंदूर फासून म्हसोबा बसवला होता. शेंदूर लागल्यावर हात कोण लावणार? मानसिंगसुद्धा तिथं पाय टेकत नसे. तिची पूजा बुवांनीच करायची, पाणीही त्यांनीच घालायचं.

भागूबाई म्हणाली, "बुवा, फळीला हात न लावता मोटार चालू करा. बोकड तर देतेच, वर समदी मेंढरं देते."

बुवांनी मंत्र म्हटले, फुंकरा मारल्या, मूठमूठ अंगारा उधळला. मग त्यांचा हात हळूच फळीकडे सरकला. भागूबाईनं फळीवर पाय ठेवला.

"बाई, भस्म होशील!" लोक ओरडले.

"लेक गेली तवाच झाले!"

तिनं फळी उचकटली. बॅटरीचा खुंट आणि तारेची पकड यांच्यामध्ये वीज अडवणारी मेणकापडाची चिंधी होती. मी ती काढली, पकड आवळली. भर उन्हात दिवे लागले. मानसिंगनं स्टार्टर दाबताच मोटार धडधडू लागली. समोरच्या तबकडीतला काटाही चार्जच्या बाजूला गेला, म्हणजे बॅटरी नीट भरत होती. मोटारीत काही बिघाड नव्हताच. मोटार पारापाशी थांबली की पूजा करताना चिंधी घालायची आणि बोकड मिळाला की अंगारा लावताना काढायची, एवढाच बुवांचा चमत्कार.

माणसं बुवावर धावली. भागूबाईनं त्यांना अडवलं आणि माझ्या हातातली चिंधी घेऊन बुवाच्या नाकासमोर धरली.

"ही काढाया किती येळ लागतो रं? तेवढ्यात माजी सगुणा वाचली असती."

 बोकडाच्याच दाव्यानं बुवाचे हात बांधून आम्ही त्याला त्याच मोटारीतून फौजदाराकडे नेलं. वाटेत तो रडत होता. मला त्याची दया आली नाही, आजही येत नाही.

लोकहो, मोटार बंद पडली तर शेंदूर पुसा आणि तार बघा. आत माणूस तळमळत असेल, तर बोकडाची वाट बघू नका.