ओला जिना

“थांबा, ओलं आहे!” मावशी फडकं पिळता पिळता ओरडली. लॉजचे मालक नेहमीप्रमाणे बूट वाजवत वर गेले आणि पावलांची नक्षी उमटवून खाली आले.

सत्तावीस वर्षं हेच चाललं होतं. तीन मजल्यांचा जिना मावशी वरून खाली पुसत यायची आणि कठड्याला फडकं अडकवायची. ते काढेपर्यंत जिन्यावर पाय टाकायचा नाही, हा तिचा कायदा. पण लादी पुसणाऱ्या बाईचं ऐकतो कोण?

ऐकणारे दोघंच निघाले. जाड्या आणि चष्मेवाला, तिसऱ्या मजल्यावर महिनाभर दडून बसलेले. चादर बदलताना उशीखाली पिस्तूल दिसलं, तेव्हा मावशीने उशी होती तशी परत ठेवली. पेपरात फोटोही आला होता. सुपारी घेऊन माणसं मारणारे हेच ते. पोलीस मागावर होते, आणि यांचं तोंड कायमचं बंद करायला, ज्याच्या सांगण्यावरून मारलं तो म्होरक्याही. चौकीत कळवायचं, असं ती रोज ठरवायची. पण चहाच्या वेळेला दोघं बूट हातात धरून वरच्या पायरीवर उभे.

“मावशी, वाळलं का हो?”

असं तिला जन्मात कुणी विचारलं नव्हतं. मग चौकीत कळवायचं ती उद्यावर ढकलायची.

आज मात्र मन घट्ट करून तिने चौकीत फोन केला. मग रोजच्यासारखा जिना पुसला, फडकं अडकवलं. तेवढ्यात दारातून एक टायवाला आला. त्याने कोट बाजूला करून कमरेचं पिस्तूल दाखवलं.

“दोघं कुठेत? तिसऱ्या मजल्यावर ना?”

म्होरक्याचा माणूस! पोलिसांनी धरावं म्हणून तिने फोन केला होता, कुणी मारावं म्हणून नव्हे. ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली.

“थांबा, साहेब. ओलं आहे.”

“बाजूला हो.”

“पडाल हो! दहा मिनिटं थांबा.”

“ए म्हातारे, मला शिकवतेस?”

तिला ढकलून तो दोन-दोन पायऱ्या चढत सुटला. “ओलं आहे!” ती तिसऱ्यांदा ओरडली. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर साबण जरा जास्तच पडला होता.

आधी पिस्तूल खाली आलं, मग एक बूट, मग साहेब. पाय दोन ठिकाणी मोडला होता. मावशीने पिस्तूल चिमटीत धरून बादलीत सोडलं.

पोलीस धावत आले. इन्स्पेक्टरने पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

“थांबा, ओलं आहे!”

त्याने विव्हळणाऱ्या टायवाल्याकडे पाहिलं आणि पाय मागे घेतला.

वर दोघं उभे होते, बूट हातात.

“मावशी, फोन तुम्ही केलात?” चष्मेवाल्याने विचारलं.

“हो, मीच.”

“बरं केलंत,” जाड्या म्हणाला. “लपून लपून जीव विटला. वाळलं का?”

मावशी पायऱ्या चढू लागली. प्रत्येक पायरीला तळहात लावून पाहिला. खाली पोलीस, वर मारेकरी. कुणी हललं नाही. मालकांनीसुद्धा दारातच बूट काढले होते. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच अख्खा लॉज तिच्यासाठी थांबला होता. घाई तिने मुळीच केली नाही.

मग खाली येऊन तिने कठड्यावरचं फडकं काढलं.

“हं, या आता. एकेक जण.”