हाल्वोरचा तिसरा पाय

मी एक लाकडी पाय. डावा, गुडघ्याखालचा, वाळुंजाच्या लाकडाचा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या; अमेरिकेतल्या मिनेसोटात नॉर्वेहून येऊन वसलेल्या आमच्या गावाचं हसून झालंय.

मला मिनिआपोलिसच्या एका कारखान्यात घडवलं. लाकडाच्या गिरण्यांत ज्यांचे पाय करवतीखाली जात, त्यांच्यासाठी तिथे पाय बनवत. हाल्वोर स्लेटन त्यांतलाच एक. त्याच्या बायकोनं, टोरानं, त्याच्या उजव्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली, तो कागद टपालानं पाठवला आणि कारागिरानं त्याच्या उलट मला कोरलं.

पण दुसरेपणावर दिलेल्या मुलीला जसं पहिलीचं कौतुक ऐकावं लागतं, तसं मला त्या जुन्या पायाचं ऐकावं लागलं. टोरानं तो फेकू दिला नव्हता. धुऊन, चादरीत गुंडाळून, सफरचंदांच्या खोक्यात घालून तिनं तो चर्चच्या दफनभूमीत, दोघांसाठी राखलेल्या जागी पुरला होता.

"शेवटच्या दिवशी मेलेले उठतील," ती म्हणायची, "तेव्हा तू लंगडत उठायला नकोस."

"आणि पाय माझ्या आधी उठून चालायला लागला तर?"

"तर तुझ्यात एक तरी शहाणा अवयव होता म्हणायचं."

थंडीत हाल्वोरची नसलेली बोटं दुखायची. टोराला वाटलं, खोकं आखूड पडलं असणार, बोटं मुडपली असणार. एका सकाळी ती कुदळ घेऊन गेली. उकरलं, पाय सरळ केला, लांब पेटीत ठेवून पुन्हा पुरला. मातीनं भरलेल्या हातांनी घरी येऊन तिनं विचारलं, "आता?"

"आता बरंय," हाल्वोर म्हणाला.

खोटं बोलला. कळ आली की तो माझा चामडी पट्टा घट्ट धरायचा. त्या वेळीही धरला होता.

बरीच वर्षं अशी गेली. मग एल्स्टाड नावाचा नवा पास्टर आला आणि नॉर्वेजियन सोडून इंग्रजीत प्रवचन करू लागला. गावात कुजबुज सगळ्यांनीच केली, पण उभा राहिला एकटा हाल्वोर.

"देवाला इंग्रजी येत असेल, मला येत नाही! या आवारात पुन्हा पाऊल ठेवणार नाही!"

"एक आहेच की आत," टोरा बाकावरूनच म्हणाली.

सगळं चर्च हसलं. झालं! राग कदाचित ओसरला असता. हसू ओसरलं नाही.

पुढची सात वर्षं दर रविवारी हाल्वोर तिला घोडागाडीतून कुंपणापर्यंत सोडायचा आणि बाहेर थांबून राहायचा. शेजारच्या गावी स्वतःच्या थडग्यासाठी जागाही बघून आला. टोरा भांडली नाही. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "मग मी उठेन तेव्हा माझ्या शेजारी नुसता पाय असेल. त्याच्याशी काय बोलू?"

हाल्वोरनं कप उचलला नाही. सातव्या वर्षी, शरद ऋतूत, टोरा न्यूमोनियानं चार दिवसांत गेली.

दफनाच्या दिवशी सगळं गाव खड्ड्याभोवती उभं होतं आणि हाल्वोर कुंपणाबाहेर. त्याची मुलगी आग्नेस फाटकाशी आली.

"बाबा, आत या ना."

"शब्द दिलाय, पोरी."

"कुणाला?"

तो कुंपणाची फळी धरून राहिला. त्याचा सगळा भार माझ्यावर होता.

पास्टर एल्स्टाडनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, इंग्रजी पुस्तक मिटलं आणि खिशातून एक चिठ्ठी काढली. रात्रभर बसून पाठ केली असावी. चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची कबुली त्यानं नॉर्वेजियनमधून म्हणायला सुरुवात केली. उच्चार म्हणजे बर्फावर घसरणारी गाडी. त्यात आमच्या भाषेत 'शरीर' आणि 'पोटरी' हे शब्द अगदी भाऊभाऊ. घसरलाच बिचारा.

"पोटरीच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे," त्यानं गंभीरपणे जाहीर केलं.

कुणी रुमालात खोकलं. कुणी आभाळाकडे पाहिलं. आणि कुंपणापलीकडून हाल्वोर हसला. पोट धरून हसला. हसता हसता त्याच्या दाढीवरून पाणी ओघळायला लागलं.

"हे ऐकायला ती हवी होती," तो म्हणाला. "अरे, हे ऐकायला ती हवी होती!"

मग त्यानं फाटक ढकललं. आत पहिलं पडलं ते माझं पाऊल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शब्द पावलाचा होता, लाकडाचा नव्हे. उजवा पाय थोडा वेळ बाहेर रेंगाळला आणि मुकाट्यानं माझ्यामागून आत आला.

चिखल तुडवत तो पास्टरपाशी गेला आणि चिठ्ठीवर बोट ठेवलं. "शरीराच्या. म्हणा, पास्टर."

"शरीराच्या," पास्टर लाल होऊन म्हणाला.

"शरीराच्या पुनरुत्थानावर," हाल्वोर म्हणाला, आणि पुढचं सगळ्यांनी मिळून म्हटलं.

त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. दर रविवारी पुढच्या बाकावर बसायचा आणि इंग्रजी कळत नाही म्हणून इंग्रजीतच कुरकुरायचा.

तो गेला तेव्हा कुणीतरी सुचवलं, लाकडी पायही पेटीत ठेवा.

"नको," आग्नेस म्हणाली. "उठताना बाबांचे तीन पाय दिसले तर आई मलाच जाब विचारेल."

त्याला टोराशेजारी पुरलं. मला वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? तो जुना पाय त्याच्यासोबत एकतीस वर्षं चालला, मी तर त्याहून जास्त चाललो. पण हाडामांसाला मिळालेलं वचन लाकडाला कुणी दिलेलं नाही.

सध्या मी चर्चच्या स्वयंपाकघरात असतो. बायका कॉफी उकळायला लागल्या, की वाफ बाहेर जावी म्हणून खिडकीची काच वर सरकवून मला तिच्याखाली टेकवतात. काम हलकं आहे, गप्पा झणझणीत.

तुमच्यापैकी कुणी माझ्याआधी तिकडे पोहोचलात, तर हाल्वोरला एवढं सांगा: तो पाय फार वर्षं झोपून होता, एकदम भार टाकू नकोस. पहिले काही दिवस टोराचा खांदा धर. ती चिडवेल. चिडवू दे.